बसणारा मी एकटाच

हेडक्लार्कांचा निर्णय तसा अगदी किरकोळ होता. गाडीचा सायलेन्सर बदलायचा, बस. घर विकायचं नव्हतं, नोकरी सोडायची नव्हती. एक नळकांडं काढून दुसरं लावायचं.

आता पाणीपुरवठा ऑफिसातल्या हेडक्लार्कना सायलेन्सर बदलावासा का वाटावा, तर त्यांची गाडी फार सभ्य होती. पांढरी, चार दारांची, आणि आवाज इतका कमी की सिग्नलला उभी असली की शेजारचा स्कूटरवाला वाकून विचारायचा, "काका, बंद पडली का? ढकलू?" (एकाने विचारलंही नव्हतं. थेट ढकललीच.) एरवी हेडक्लार्कांना त्याचं काही वाटलं नसतं. पण रविवारी सकाळी ते ज्या मंडळींत जात, तिथे ही सभ्यता चालत नव्हती.

बंद पडलेल्या एका सिनेमागृहाच्या पार्किंगमध्ये गावातले गाड्यांचे शौकीन जमत. एक दातांचे डॉक्टर होते, एक सिमेंटचे व्यापारी होते आणि एक विमा एजंट होता, त्याला सगळे 'टर्बो' म्हणत. बोनेट उघडायची आणि आत माना घालून गंभीर चेहऱ्याने उभं राहायचं, जणू आत कोणी जवळचा नातेवाईक अत्यवस्थ आहे. कोणी स्प्रिंगा बदललेल्या, कोणी मागे पंख लावलेला. हेडक्लार्कांची गाडी जशी शोरूममधून आली होती तशीच होती. आत लावलेला गुलाबाच्या वासाचा पुडा सोडला तर तिच्यात त्यांनी काही म्हणता काही बदललं नव्हतं.

"सुरू करा की," डॉक्टर म्हणाले.

"सुरूच आहे," हेडक्लार्क म्हणाले.

सगळे हसले. टर्बोने तर बोनेटला कान लावून नाडी तपासल्यासारखं केलं आणि मान हलवली. "गेली हो."

त्यातच पुढच्या रविवारी कारखान्यामागच्या मैदानावर स्पर्धा होती. मैदानात शंकू मांडायचे, त्यांच्यामधून एकेका गाडीने पळायचं आणि सगळ्यांत कमी वेळ लावेल तो पहिला. सिमेंटवाले म्हणाले, "तुम्ही नाव नका देऊ हो. तुमची गाडी आली कधी आणि गेली कधी, पंचांना कळणार नाही."

हेडक्लार्कांनी तिथल्या तिथे नाव दिलं. आणि सायलेन्सर बदलायचं ठरवलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण हेडक्लार्कांनी ती त्या वेळी सोयीस्करपणे बाजूला ठेवली होती. त्या रविवारनंतरच्या सोमवारी त्यांच्या बायकोची ड्रायव्हिंगची परीक्षा होती. बाई शिक्षिका होत्या. नदीपलीकडच्या शाळेत त्यांना मुख्याध्यापिकेची जागा मिळत होती. पण तिकडे जाणारी बस पोचायची तोवर पहिला तास होऊन जायचा. तेव्हा शाळेच्या समितीने सरळ सांगितलं होतं, मंगळवारी लायसन्स दाखवा आणि शाळेच्या किल्ल्या घ्या. नाहीतर दुसऱ्या एक बाई तयारच आहेत, त्यांच्याकडे स्कूटर आहे.

परीक्षेचा बाईंचा अनुभव फारसा सुखाचा नव्हता. गेल्या खेपेला चढावर गाडी बंद पडली आणि मागे घरंगळत गेली, ती परीक्षकांच्या मोटरसायकलला टेकूनच थांबली. परीक्षक गाडीत होते म्हणून वाचले. मोटरसायकल नाही वाचली.

"गाडी सर्व्हिसिंगला टाकतो," हेडक्लार्क बायकोला म्हणाले. "तुझ्या परीक्षेच्या आधी सगळं ठाकठीक असलेलं बरं."

"किती काळजी करता हो माझी!" बायको म्हणाली. तिचे डोळे खरोखर भरून आले. हेडक्लार्कांनी घाईघाईने बूट घातले.

गॅरेज नवीन होतं. चालवणारी मुलगी दूरदेशी शिकून आलेली, तिथे रेसच्या गाड्यांवर काम केलेली. तिकडेच राहिली असती तर एव्हाना पदकं गळ्यात घालून फिरली असती, पण ती परत आली होती, आणि का आली हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे. "काका, आपल्याकडे लोक गाडीला जपतात आणि गाडीतल्या माणसांना विसरतात. मला हे बदलायचंय."

'काका' हा शब्द हेडक्लार्कांना जरा लागला. स्पर्धेत नाव दिलेल्या माणसाला कोणी काका म्हणतं का?

"सायलेन्सर बदलायचाय," ते म्हणाले. "रविवारी स्पर्धा आहे. जरा दमदार आवाजाचा."

"बदलू. पण कायद्यात बसतो तेवढाच आवाज करून देईन, त्याच्यावर एक कणही नाही. आणि माझ्या गॅरेजचा एक नियम आहे. गाडीत जे जे बसतात त्या सगळ्यांना विचारल्याशिवाय मी पाना उचलत नाही. घराची भिंत पाडताना घरच्यांना विचारता ना तुम्ही?"

(हेडक्लार्कांच्या घरातली एक भिंत त्यांना न विचारता पाडली गेली होती. संध्याकाळी ऑफिसातून आले तेव्हा स्वयंपाकघरातून थेट दिवाणखाना दिसत होता. पण हे सांगायची ती जागा नव्हती.)

"तर कोण कोण बसतं गाडीत?"

बायकोला इथे आणायचं, तिला स्पर्धेचं सांगायचं आणि तिची परवानगी घ्यायची, हे चित्र हेडक्लार्कांच्या डोळ्यांपुढे क्षणभर उभं राहिलं. ते चित्र त्यांनी लगेच पुसलं.

"बसणारा मी एकटाच," ते म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे एकदम मऊ नजरेने पाहिलं. "अच्छा. सॉरी हं, काका." मग ती गाडीत डोकावली. मागच्या सीटवर लोकर होती, सुया खोचलेल्या, अर्धवट विणलेला स्वेटर.

"हे कोणाचं?"

"माझंच."

"तुम्ही विणता?"

"फावल्या वेळात."

"किती छान! पुरुषांनी विणायलाच हवं. एकटेपणात मन रमतं." तिने ड्रायव्हरच्या सीटवरची जाडजूड उशी उचलली. बाईंची उंची बेताची, उशीशिवाय त्यांना समोरचा रस्ता दिसत नसे. "आणि ही?"

हेडक्लार्क चांगले उंच होते. स्टिअरिंगच्या वरून दिसावं म्हणून घेतो, असं म्हणायची सोय नव्हती. त्यांनी घाम पुसला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला... मूळव्याध आहे."

"मग आधी नाही का सांगायचं?" मुलगी कळवळून म्हणाली. "यात लाजायचं काय? तुमचं शरीर बघून गाडी करायची, हेच तर माझं काम!"

हेडक्लार्क बाहेर पडले तेव्हा त्यांना वाटलं, प्रकरण मिटलं. प्रकरण आत्ता कुठे जन्माला आलं होतं. खोटं बोलून माणूस मोकळा होतो, पण समोर मन लावून काम करणारं माणूस असलं तर त्या खोट्याचं लोखंडात रूपांतर होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

पहिला फोन ऑफिसात आला. "काका, बसणारे तुम्ही एकटेच. मग मागची सीट कशाला वाहून न्यायची? काढली तर स्पर्धेत गाडी हलकी पळेल."

समोर साहेब उभे होते. "काढा," हेडक्लार्क म्हणाले.

दुसरा फोन. "शेजारची सीटही काढते. तिथे लोकरीची पिशवी अडकवायला हूक लावते."

"लावा."

तसा त्यांचा बेत पक्का होता. रविवारी स्पर्धा उरकायची, संध्याकाळी सीटा परत बसवायच्या आणि सोमवारी गाडी होती तशी बायकोच्या हवाली करायची. कागदावर बेत निर्दोष होता. (त्यांच्या ऑफिसातल्या पाइपलाइनचे बेतही कागदावर निर्दोषच असतात.)

रविवारी सकाळी ते गॅरेजमध्ये गेले. मुलीने दार उघडलं आणि अभिमानाने बाजूला झाली. आत एकच सीट होती. काळी, खोल, दोन्ही बाजूंनी माणसाला कवेत घेणारी. आणि तिच्या बरोब्बर मधोमध, बैठकीच्या जागी, मोठ्या कौशल्याने एक वाटोळा खळगा केलेला होता.

"बसून बघा. कुठेही दाब येणार नाही. आणि सीट हलू नये म्हणून थेट गाडीच्या तळाला वेल्डिंग केलंय. तुमच्या पायांच्या लांबीचं माप घेऊनच."

"वेल्डिंग?"

"पक्कं. भूकंप झाला तरी हलणार नाही."

हेडक्लार्क त्या खळग्यात बसले आणि विचार करू लागले. विचार पुरा व्हायच्या आत मागून ओळखीचा आवाज आला.

"झाली का हो गाडी? म्हटलं आज दिवसभर सराव करावा, म्हणून मीच आले."

दारात बायको उभी होती. हातात पर्स, पायात सरावाचे सपाट बूट.

"आपण कोण?" मुलीने विचारलं.

"यांची बायको."

"कोणाची?"

"हे बसलेत ना, यांची."

"काकांना बायको नाहीये," मुलगी समजुतीच्या सुरात म्हणाली.

"असं त्यांनी सांगितलं?"

"नाही नाही, तसं नाही सांगितलं. पण ते एकटेच असतात. विणकाम करतात बिचारे."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "काय विणताय?"

"स्वेटर," हेडक्लार्क म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

"कोणासाठी?"

"माझ्याच... म्हणजे तू माझ्यासाठी जो विणतेयस, तोच."

बाई गाडीपाशी आल्या. आत वाकून त्यांनी मागे पाहिलं, बाजूला पाहिलं, खाली पाहिलं. हेडक्लार्कांनी मान खाली घालून मारा सोसायची तयारी ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं. पण बाई ओरडल्या नाहीत. अगदी हळू आवाजात त्यांनी एवढंच विचारलं,

"उद्या परीक्षक कुठे बसणार?"

मग बाईच बोलल्या, परीक्षेचं, शाळेचं, मंगळवारचं. सांगताना एकदा आवाज कापला, तो त्यांनी खाकरून सरळ केला. मुलगी खाली, तेलाच्या डागांवरच बसली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.

"तुझी कशी? खोटं हे बोलले."

"गिऱ्हाईक खोटं बोललं तरी गाडी माझी जबाबदारी, ताई. उशी उंचीसाठी होती. काका एवढे उंच, माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी माणसाचं ऐकलं आणि गाडी काय सांगतेय ते ऐकलंच नाही. सगळ्यांना मी हेच ओरडून सांगते आणि..." तिने हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. मग उठली. रडायला तिला वेळ नसावा. "शेजारची सीट आत्ता बसवते. ही ड्रायव्हरची मात्र कापून काढायला लागेल, ती उद्यापर्यंत होणं नाही. तुम्हाला परीक्षा हिच्यातच द्यायला लागेल. पण आज दिवस आपला आहे. कुठे रिकामं मैदान आहे का?"

"कारखान्यामागे आहे," हेडक्लार्क बारीक आवाजात म्हणाले. "शंकूही मांडलेत. पण तिथे आज..." आणि मग बायकोला स्पर्धेचंही सांगावं लागलं.

बाईंनी डोळे मिटून घेतले. "अजून काही आहे? असेल तर एकदाच सांगा. माझा रक्तदाब परत परत वाढवू नका."

"नाही. एवढंच."

शेजारची सीट बसली. खळग्यात अर्धवट विणलेला स्वेटर कोंबला, वर दोन उशा रचल्या, पाय पोचावेत म्हणून तिसरी पाठीशी खोचली आणि बाई वर चढून बसल्या. शेजारी मुलगी. हेडक्लार्कांना जागाच नव्हती. ते बसने मैदानावर गेले.

ते पोचले तेव्हा स्पर्धेची मधली सुटी होती आणि त्यांची गाडी मैदानाच्या कडेच्या मातीच्या चढावर उभी होती. शौकीन मंडळी दोरीला टेकून बघत होती.

"तुमची गाडी ना ती?" डॉक्टर म्हणाले. "कोण चालवतंय?"

"घरचे," हेडक्लार्क म्हणाले.

गाडी एक झटका खाऊन बंद पडली आणि मागे सरकली. मुलीने खिडकीतून दिलेला हँडब्रेकचा आदेश दोरीपर्यंत ऐकू आला. परत सुरू केली, परत बंद. टर्बो खिदळला. हेडक्लार्कांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने खिदळणं खिशात घातलं.

मग मुलगी ओरडली, "ताई, पायाकडे नका लक्ष देऊ. कान द्या! इंजिनचा आवाज जड झाला की समजा क्लच धरला. तेव्हा ब्रेक सोडा."

आणि झालं असं, की जुन्या सायलेन्सरच्या त्या सभ्य गाडीत इंजिन काय म्हणतंय हे बाईंना आजवर कधी ऐकूच आलं नव्हतं. त्या अंदाजाने पाय उचलत आणि देवावर हवाला ठेवत. आता सगळं ऐकू येत होतं. इंजिन घुमलं, मग त्याचा आवाज जरा खाली बसला, ओझं उचलताना हमालाचा बसतो तसा. बाईंनी ब्रेक सोडला. गाडी तसूभरही मागे न जाता चढ चढून वर गेली.

दोरीपाशी टाळी वाजली. कोणी वाजवली बघावं म्हणून हेडक्लार्कांनी मान वळवली, तेव्हा कळलं की हात आपलेच आहेत.

"परत!" बाईंचा आवाज आला. वर्गातला आवाज. "अजून एकदा!"

तेवढ्यात सुटी संपली. कर्ण्यावरून स्पर्धकांची नावं पुकारायला सुरुवात झाली आणि संयोजक हेडक्लार्कांकडे धावत आले. "तुमचा नंबर आहे. गाडी रेषेवर आणा, लवकर."

हेडक्लार्कांनी चढाकडे पाहिलं. गाडी खाली येऊन परत चढायला उभी राहत होती. याच क्षणासाठी ते खोटं बोलले होते, त्यांनी बायको नाहीशी केली होती, मूळव्याध अंगावर घेतली होती. टर्बो, डॉक्टर, सिमेंटवाले, सगळे इथेच होते. आता नुसतं हात हलवून बोलवायचं होतं.

"माझा नंबर सोडा," ते म्हणाले.

"का?"

"गाडी कामात आहे."

संयोजकांना हे कारण पुरेसं वाटलं नाही. ते मुलीकडे गेले. मुलीने खिडकीतून काहीतरी सांगितलं. तिला काकांची इज्जत राखायची होती, आणि त्या गडबडीत कोणतं खरं आणि कोणतं खोटं याची तिच्याकडून थोडी सरमिसळ झाली. कारण पुढच्याच मिनिटाला कर्णा गरजला:

"नवोदित गटातले आपले ज्येष्ठ स्पर्धक मूळव्याधीच्या त्रासामुळे माघार घेत आहेत. एवढ्या वेदना सहन करून ते मैदानावर आले, त्यांच्या जिद्दीसाठी जोरदार टाळ्या!"

सगळं मैदान उभं राहिलं. डॉक्टरांनी हेडक्लार्कांच्या खांद्यावर हात ठेवला. "माझा विषय वरच्या टोकाचा आहे," ते हळूच म्हणाले, "पण खालच्या टोकाचे एक चांगले डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत." सिमेंटवाल्यांनी त्यांना बसायला खुर्ची आणून दिली आणि मग काहीतरी आठवून लगबगीने परत नेली.

सोमवारी परीक्षकांनी गाडी लांबूनच ओळखली आणि आपली मोटरसायकल भिंतीपलीकडे लावून आले. आत बसताना त्यांनी पट्टा दोनदा ओढून पाहिला. हेडक्लार्क आणि गॅरेजची मुलगी फाटकाशी उभे होते. मुलगी नखं खात होती. हेडक्लार्कांनी आपली नखं केव्हाच संपवली होती.

गाडी शंकूंमधून गेली, वळली, मागे आली आणि चढाशी थांबली. आवाज जरा खाली बसला. हेडक्लार्कांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी वर होती.

परीक्षक उतरले आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "पास. इंजिन ऐकत गाडी चालवणारं माणूस पुष्कळ दिवसांनी पाहिलं."

बाई दोन उशांवरून खाली उतरल्या. त्यांनी आधी मुलीला मिठी मारली, मग नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण तो सायलेन्सर राहू दे."

हेडक्लार्कांची छाती फुगली. शेवटी निर्णय बरोबरच होता की! त्याच ऐटीत ते बायकोबरोबर आत खिडकीपाशी गेले.

खिडकीतल्या कारकुनाने बाईंचे कागद घेतले. "शिकाऊ उमेदवाराबरोबर गाडीत आलेला लायसन्सवाला कोण? त्याचंही दाखवा, नोंद करायची आहे."

"मी," हेडक्लार्क म्हणाले आणि त्यांनी पाकिटातून आपलं लायसन्स काढून, पत्त्यांतला हुकूम टाकावा तसं टाकलं.

कारकुनाने ते उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं. "साहेब, हे संपलंय."

"काय संपलंय?"

"मुदत. आणि संपून इतके दिवस झालेत की आता नुसतं वाढवून मिळणार नाही. बाईंचा निकाल अडत नाही, पण तुम्हाला पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागेल. चढासकट. शिकाऊ अर्जाची रांग तिकडे."

हेडक्लार्कांनी बायकोकडे पाहिलं. तिने घड्याळाकडे पाहिलं. "मला समितीला कळवायला शाळेत जायचंय," ती म्हणाली. "तुम्ही अर्ज भरून या बसने. अक्षर नीट काढा."

बाहेर इंजिन घुमलं, आवाज जरा खाली बसला आणि गाडी फाटकातून झोकात निघून गेली. हेडक्लार्क रांगेत जाऊन उभे राहिले. पुढे कॉलेजातली एक मुलगी उभी होती. तिने मागे वळून त्यांचा चेहरा पाहिला आणि तिला दया आली.

"घाबरू नका काका," ती म्हणाली. "सोपी असते. माझ्या आजीलासुद्धा जमली."